ओझे कोणाचे?

निर्वासित म्हणजे यजमान देशावरील ओझे, असे म्हणणाऱ्यांनी अकीला आसिफी यांचा हिशेब मांडून पाहावा. १९९२ साली काबूल सोडून आलेल्या या बाईंनी पाकिस्तानातील कोट चंदना येथील छावणीत, एका तंबूत मुलींची शाळा काढली. सुमारे हजार मुलींनी तेथे प्राथमिक शिक्षण पुरे केले. त्यांतील काही पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. ही भांडवलनिर्मिती नव्हे, तर काय?

२०२३ पासून मात्र पाकिस्तान अफगाण निर्वासितांना परत धाडीत आहे, आणि तेही जेथे २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळेची दारे बंद आहेत अशा देशात! शिक्षिका घडण्यास वर्षे लागतात. तिला हुसकावण्यास एक हुकूम पुरतो.

पण शेजाऱ्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर पाकिस्तानप्रमाणेच भारतानेही सही केलेली नाही. ती व्हावी, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.