पेजही अडकते तेव्हा

कोकणात छातीच्या आणि पोटाच्या निम्म्या तक्रारींना एकच नाव असतं: पित्त. घास अडकतो? पित्त. रात्री घशाशी येतं? पित्तच. त्यावर आमसुलाचं पाणी, नाहीतर सकाळी अनशापोटी एक गोळी. बहुतेकांना त्याने बरंही वाटतं. माझं म्हणणं आहे ते ज्यांना बरं वाटत नाही त्यांच्याबद्दल.

भाट्यात आमच्या शेजारच्या काकूंना भात अडकायचा आणि पेजसुद्धा. जेवता जेवता उठून पडवीत फेऱ्या मारायच्या, वरून पाणी पिऊन घास ढकलायच्या. रात्री आडवं झालं की संध्याकाळचा भात तसाच्या तसा तोंडात. चार वर्षं गोळ्या बदलल्या, अंगावरचं मांस उतरलं, 'मनाला फार लावून घेता' हेही ऐकून झालं. बरं, पूल ओलांडला की रत्नागिरी, म्हणजे डॉक्टर लांब होते असंही नाही. अखेर मुंबईत नाव कळलं: अकॅलेशिया कार्डिया.

खारभूमीच्या बांधाला उघाडी असते ना, तसं अन्ननलिकेच्या तळाशी, जठराच्या तोंडावर, स्नायूचं एक दार असतं. घास आला की ते सैल पडायला हवं. या आजारात तिथल्या मज्जापेशी नष्ट होतात. दार सैल पडत नाही आणि घास खाली ढकलणारी अन्ननलिकेची लाटही थांबते. मग अन्न साचतं, नळी फुगत जाते. आजार काही नवा नाही. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने असा रुग्ण नोंदवलाय. व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून तो आपला घास खाली ढकलायचा!

दुर्मिळ आहे, मान्य. वर्षाला लाखामागे साधारण एक नवा रुग्ण. पण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांवर होती. ढोबळ हिशोबाने दरवर्षी पंधरा-सोळा जण झाले. ते सगळे कुठे असतील? मला वाटतं, बरेचसे पित्ताच्या गोळ्या खात असतील.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, प्रत्येक ऍसिडिटीवाल्याला मोठ्या तपासणीला पाठवायचं का? मुळीच नाही. एक प्रश्न विचारा: पाणीसुद्धा अडकतं का? कर्करोगाच्या गाठीत सहसा आधी भाकरी अडकते, मग भात, पातळ पदार्थ शेवटी. अकॅलेशियात बहुधा घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात. अर्थात गिळायला त्रास म्हटल्यावर दुर्बिणीची तपासणी दोन्हीकडे हवीच, गाठ नाही याची खात्री करायला.

खरी गोम पुढे आहे. सुरुवातीच्या काळात दुर्बिणीत सगळं ठीक दिसू शकतं. 'नॉर्मल' असा कागद हातात पडतो आणि शोध तिथेच संपतो. आमच्या धंद्यात तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की आधीचं उत्तर चुकलं असं धरतात. इथे मात्र रुग्णच चुकीचा ठरतो! त्यानंतर बेरियम पाजून एक्स-रे काढायला हवा. त्यात खाली निमुळती होत गेलेली नळी पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते. आणि पक्कं निदान मॅनोमेट्रीने होतं: नाकातून बारीक नळी घालून गिळतानाचा दाब मोजतात. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल, पण कशासाठी जायचं हे तरी माहीत हवं.

कारण उपाय आहेत. फुग्याने दार ताणता येतं. १९१३ मध्ये हेलरने सुरू केलेली स्नायू कापायची शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते. २००८ पासून जपानच्या इनोऊ यांची, तोंडातूनच करायची पोएम पद्धत आहे. हैदराबादेत ती शेकडो रुग्णांवर झालीय. मेलेल्या मज्जापेशी यातल्या कशानेच परत येत नाहीत, पण अन्न खाली उतरतं. मात्र नळी फार फुगून वाकडी झाली की हेच उपाय अवघड होतात. म्हणून उशीर महागात पडतो.

तेव्हा घरात कुणी जेवताना प्रत्येक घासाला पाणी पीत असेल, तर 'सावकाश जेव' म्हणून सोडून देऊ नका. पेज उतरते का, ते विचारा. आणि गोळी बदलून मिळाली, तर पुढची तपासणी कोणती, तेही विचारा.