शून्य पतंग की हरवलेला संदेश?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी विस्तार कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते : कामगंध सापळ्यात प्रति सापळा, प्रति रात्र 8 पतंग, सलग तीन रात्री. या निकषातील ‘सलग’ हा शब्द मोलाचा आहे. हाताने मोजणी करणारा एक दिवस आला नाही, तर वहीत रकाना रिकामा राहतो. स्वयंचलित सापळ्याचा बिनतारी संदेश हरवला आणि प्रणालीत तशी तरतूद नसली, तर पडद्यावर शून्य उमटू शकते. रिकामा रकाना शंका निर्माण करतो. शून्य दिलासा देते. तेवढ्या एका खोट्या शून्याने सलगता तुटते, इशारा निघत नाही, आणि एकदा अळी बोंडात शिरली की फवारणीचा उपयोग राहत नाही.

संदेश हरवण्याची कारणे शेतातच असतात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा जेमतेम फूटभर उंच टांगला जातो. अँटेनाही त्याच उंचीवर राहते. पाने पाण्याने भरलेली असतात आणि पाणी रेडिओलहरी शोषते. म्हणजे कपाशी सर्वाधिक दाट असते, पाऊस असतो, पाळत सर्वाधिक गरजेची असते, नेमक्या त्याच काळात संपर्क क्षीण होतो. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींपेक्षा 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पानांतून अधिक तग धरतात. लोरा तंत्रज्ञान भारतात याच परवानामुक्त पट्ट्यात चालते. परंतु त्याची क्षमता मर्यादित असते. सर्वात मंद गतीवर एका संदेशात 51 बाइटच मावतात. तेथे छायाचित्र पाठवण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय. आणखी एक चूक म्हणजे सर्व सापळ्यांना पहाटे 6 ची एकच वेळ देणे. एकाच वेळी निघालेले संदेश परस्परांवर आदळून नष्ट होतात.

उपाय महाग नाहीत. अँटेना वेगळ्या काठीवर पिकाच्या बऱ्याच वर न्यावी. प्रत्येक सापळ्याने काही मिनिटांच्या यादृच्छिक अंतराने संदेश पाठवावा. पतंगांची मोजणी सापळ्यातच होऊन केवळ आकडा पाठवावा. एका रात्रीच्या आकड्यास एक बाइट पुरतो. म्हणून प्रत्येक संदेशात मागील सात रात्रींचे आकडे सहज बसतात. आजचा संदेश हरवला तरी उद्याचा संदेश ती उणीव भरून काढतो. प्रत्येक नोंदीस तारीख-वेळ असावी आणि न मिळालेली नोंद ‘माहिती नाही’ अशीच दिसावी.

खरेदीच्या निविदांमध्ये मात्र कॅमेऱ्याची स्पष्टता आणि अंतराचे किलोमीटर यांनाच महत्त्व दिले जाते. मोकळ्या माळावर मोजलेले अंतर दाट कपाशीत निरर्थक ठरते. पुरवठादाराकडे मागायचा आकडा वेगळा आहे : पीक पूर्ण वाढलेले असताना, पावसाळी आठवड्यात, शंभरपैकी किती संदेश पोहोचले? हा आकडा देता येत नसेल, तर त्या सापळ्यावर सल्ला आधारणे धोक्याचे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनीही एक नियम पाळावा. सलग दोन दिवस सापळा मूक राहिला, तर त्या शेतात जावे, सापळा उघडून पतंग मोजावेत आणि हिरवी बोंडे फोडून पाहावीत. यंत्राचे मौन हे कीड नसल्याचे प्रमाणपत्र मानू नये.