कारकुनाला प्रश्नावली, मंत्र्याला पायघड्या

पीट हेगसेथ अखेर अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. २४ जानेवारी २०२५ च्या शुक्रवारी रात्री सिनेटमध्ये ५०-५० अशी कोंडी झाली आणि ती फोडायला उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांना धावावे लागले. मिच मॅकॉनेल यांच्यासारख्या मुरलेल्या रिपब्लिकनालाही हा घास गिळवला नाही. बाकीच्या बहुतेकांनी डोळे मिटून गिळला.

हेगसेथ किती पितात, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. अतिमद्यपानाचे आरोप त्यांनी फेटाळले आहेत. आमचा आक्षेप आहे तो उत्तर टाळण्याला. १४ जानेवारीच्या सुनावणीत सिनेटर मार्क केली एकेक प्रसंग सांगून विचारत होते, खरे की खोटे? हेगसेथ यांचे पालुपद एकच : ‘निनावी बदनामी’. वर हमी अशी की मंत्री झालो तर थेंबालाही शिवणार नाही. दुखणेच नाही, तर पथ्य कशाला?

याच मंत्र्यांच्या खात्यातल्या कारकुनाला गोपनीय कागद हाताळायचे तर ‘एसएफ-८६’ हा शंभरावर पानांचा अर्ज भरावा लागतो. गेल्या सात वर्षांत दारूपायी काम बिघडले का, घरात खटके उडाले का, पोलिसांशी गाठ पडली का? जाणूनबुजून खोटे लिहिले तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. गोपनीय कागद हाताळण्याच्या परवान्यासाठी २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांत दारूचा निकष वेगळा आणि खरेखोटेपणा तपासणारा वेगळा. मेख इथेच आहे. दारू माफ होऊ शकते. पिऊन गाडी चालवताना सापडलेला माणूस कबुली देऊन, उपचार घेऊन, काही काळ नीट वागून दाखवून गोपनीयतेचा हा परवाना टिकवू शकतो. लपवले, तर दारू राहते बाजूला आणि लपवाछपवीच नोकरी खाते. ज्याला काही दडवायचे आहे त्याला कुणीही दाबू शकतो, म्हणून शंका उरली तर तिचा फायदा देशाला, अर्जदाराला नव्हे, असे नियमातच लिहिले आहे.

सिनेटने तो अर्जदाराला दिला.

१९८९ मध्ये जॉन टॉवर याच पदासाठी उभे होते. स्वतः माजी सिनेटर, सशस्त्र दल समितीचे माजी अध्यक्ष. त्यांनीही दूरचित्रवाणीवर दारू सोडण्याची शपथ घेतली. सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी त्यांना घरी पाठवले. (बहुमत विरोधी पक्षाचे होते, हेही खरे.) आणि सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स? दुपारी ढोसून येऊन टेबलावरच डुलक्या काढणारा हा गृहस्थ १९८५ पासून सोव्हिएतांना माणसे विकत होता. पकडला गेला १९९४ मध्ये. त्याचे पिणे वरिष्ठांना ठाऊक होते. त्यांनीही डोळेच मिटले होते.

पण एकट्या हेगसेथना काय बोल लावायचा? ट्रम्प यांनी २० जानेवारीलाच, चौकशी पुरी होण्याआधी, व्हाइट हाउसमधील आपल्या माणसांना सहा महिन्यांसाठी अतिगोपनीय कपाटे उघडून दिली. त्याच दिवशी पन्नासएक माजी अधिकाऱ्यांचे परवाने हिसकावले. यांतल्या बहुतेकांचा गुन्हा काय, तर माजी अध्यक्षांचे पुत्र हंटर बायडेन यांच्या लॅपटॉपविषयीच्या २०२० मधील पत्रावर सही केली. निष्ठा असली की अर्ज कोरा चालतो.

सोमवारी पेंटागॉनमधला एखादा सार्जंट हाच अर्ज घेऊन बसेल. दारूच्या रकान्यात ‘निनावी बदनामी’ एवढेच लिहून त्याला पान उलटता येईल का, ते नव्या मंत्र्यांनी सांगून टाकावे.