वास्तू आणि आसन

जुन्या वास्तूच्या भिंती सावरल्या म्हणजे जीर्णोद्धार संपला, असे मानण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. त्या दालनात माणसाने कशावर बसून जेवावे, हा प्रश्न उरतोच.

ग्लासगो शहरातील ‘विलो’ चहागृहाने त्याचे उत्तर दिले आहे. केट क्रॅन्स्टन या उद्योजिकेसाठी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी १९०३ साली हे चहागृह सजविले. खुर्च्याही त्यांनीच रेखाटल्या. दालनाच्या रचनेतच त्यांना स्थान होते. पुढे मूळ खुर्च्या पांगल्या. काही संग्रहालयांत गेल्या. म्हणून जीर्णोद्धारानंतर २०१८ साली चहागृह पुन्हा उघडले, तेव्हा जुन्या नमुन्यांबरहुकूम नव्या खुर्च्या मुद्दाम घडवून घेण्यात आल्या.

ही नक्कल आहे, असा आक्षेप येईल. नव्याला जुने म्हणून खपविणे ही फसवणूक होय, यात शंका नाही. परंतु नवे ते नवे म्हणूनच मांडले, तर दोष कसला? मूळ खुर्ची काचेआड जपावी. नवीवर गिऱ्हाइकाने निःशंक बसावे. बाजारातील स्वस्त खुर्च्यांनी पैसा वाचला असता, पण दालनाचा तोल गेला असता. असा खर्च ही चैन नव्हे. जीर्णोद्धाराचाच तो अखेरचा हप्ता होय.