खजुराचं झाड कोणत्या रांगेत?

रमजान आला की मोबाइलवर खजुराचे फायदे फिरू लागतात. सोबत आणखी एक मजकूर असतो: डार्विनच्या आठशे वर्षं आधीच मुस्लिम विद्वानांनी उत्क्रांती सांगितली होती. पुरावा म्हणून इब्न मिस्कवैह यांचं नाव. पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी मिस्कवैह काय म्हणाले ते पाहिलं, देव जाणे. खरी गोष्ट या बढाईपेक्षा रंजक आहे.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान अस-सफा' या अभ्यासकांच्या गटाने आणि नंतर मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी सृष्टीची चढती शिडी मांडली. खाली खनिजं, मग वनस्पती, मग प्राणी, मग माणूस. वनस्पतींमध्ये सर्वात वर, प्राण्यांच्या उंबरठ्यावर, त्यांनी खजुराचं झाड बसवलं. कारण यात नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि शेंडा छाटला की झाड मरतं, मुंडकं उडवलेल्या जनावरासारखं.

दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. अरब शेतकरी नराचा फुलोरा मादीच्या फुलांवर हाताने झाडत आले आहेत. शेंड्याचं म्हणाल तर कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याची फांदी तोडली तर खालून धुमारे फुटतात. माडाचा कोंब भुंग्याने पुरता पोखरला की माड गेला. कारण झाडाच्या रचनेत आहे. माडाला आणि खजुराला फांद्या नाहीत, खोड वाढवणारा कोंब एकच, तोही शेंड्यात. आंब्याच्या सालीखाली खोड दरवर्षी जाड करणारा जिवंत थर असतो, तसा यांना नसतो. बीमध्ये बीजपत्रही एकच. म्हणजे खजूर प्राण्यांचा शेजारी नाही. शिंदी त्याची सख्खी बहीण, माड चुलत भाऊ, आणि ज्वारी, ऊस लांबचे नातलग. नर-मादी वेगळी झाडं तर पपईतही असतात!

मग एवढं नेमकं पाहूनही जागा का चुकली? त्यांचा प्रश्न होता: कोण वरचा, कोण खालचा? ही शिडी ग्रीकांकडून आलेली, युरोपनेही ती शतकानुशतकं सोडली नाही. माझ्या मते ती दर्जाची उतरंड आहे, तिला उत्क्रांती म्हणणं ओढाताण आहे. १६८२ साली जॉन रे यांनी बीजपत्रं मोजून वनस्पती वेगळ्या केल्या, तेव्हा प्रश्न 'वरचा कोण' याऐवजी 'कोणासारखा कोण' असा झाला.

आपल्या मुलांना यातलं काहीच कळत नाही, याचं मला वाईट वाटतं. शाळेत ती 'एकबीजपत्री, द्विबीजपत्री' असा तक्ता घोकतात, घरी पूर्वजांच्या मोठेपणाचा मजकूर ऐकतात. दोन्हीकडे झाड मात्र कुणी दाखवत नाही. इख्वानवाल्यांनी निदान झाड पाहिलं होतं.

इफ्तारनंतर खजुराच्या बिया कचऱ्यात जातात. त्यातल्या चार धुऊन ओल्या मातीत लावा. काही आठवडे काहीच दिसणार नाही, मुलं कंटाळतील. मग बीच्या पाठीवरच्या बारीक ठिपक्यातून मुळासारखा पांढरा दांडा निघून खाली जातो, आणि पहिलं पान बीपासून जरा बाजूला वर येतं. झावळीसारखं चिरलेलं नसतं ते, गवताच्या पात्यासारखं असतं.