चार चाकांची ओढ आणि रस्त्याची पकड

आकाराने लहान, इंजिनाला टर्बोचार्जर जोडलेली आणि चारही चाकांना शक्ती पुरविणारी मोटार हे अनेक तरुणांचे स्वप्न असते. तिची चित्रे भिंतीवर लावली जातात. ती किती सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, हे आकडे तोंडपाठ असतात. यात गैर काहीच नाही. यंत्राचे आकर्षण वाटणे हीच पुष्कळदा विज्ञानाच्या आवडीची सुरुवात असते. पण तीच मोटार किती अंतरात थांबते, हे कितीजणांना सांगता येईल? माझे म्हणणे असे की, हा दुसरा आकडा ज्याला समजला त्यानेच अशी मोटार बाळगावी. असे का, ते पाहू या.

प्रथम या मोटारीचे कौतुक करू, कारण ती कौतुकाला पात्र आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी अडचण पेट्रोलची नसून हवेची असते. मिनिटाला ६००० फेरे घेणारे दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सुमारे ६००० लिटर हवा ओढते. त्याहून अधिक त्याच्या सिलिंडरांत मावत नाही. मग शक्ती वाढवायची कशी? आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली यावर एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू बरीच ऊर्जा वाया नेतात. त्या वायूंच्या मार्गात एक पात्यांचे चाक बसवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवायचे आणि त्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून सिलिंडरांत कोंबायची. हाच टर्बोचार्जर. मोटारीतील लहान टर्बोचार्जरची ही चाके मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेतात!

चारही चाकांना शक्ती देण्याची कल्पना चैनीतून नव्हे, तर गरजेतून रुजली. जपानच्या ईशान्य भागात हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. तेथील वीज कंपनीच्या माणसांना अशा वाटांवरून तारांची देखभाल करावी लागे. त्यांना जीपपेक्षा आरामशीर, पण बर्फात न रुतणारी गाडी हवी होती. या मागणीतून सुबारू कंपनीची चारही चाकांनी ओढणारी ‘लिओने’ ही गाडी १९७२ साली बाजारात आली. पुढे १९८० साली जर्मनीच्या आउडी कंपनीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वाट्रो’ मांडली. टर्बो आणि चार चाकांची ओढ या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आल्या आणि मोटारींच्या रॅली शर्यतींचे चित्र पालटले. १९९२ साली सुबारूने ‘इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स’ ही त्याहून लहान मोटार जपानमध्ये आणली. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन २४० अश्वशक्ती देई आणि गाडीचे वजन होते सुमारे १२०० किलोग्रॅम. इम्प्रेझाच्याच रॅलीसाठी तयार केलेल्या गाडीने स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्रे याने १९९५ साली जागतिक रॅली अजिंक्यपद मिळविले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंजिन कितीही शक्तिमान असो, मोटारीला पुढे ढकलतो तो रस्ताच. टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. या घर्षणाचे माप म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.८, ओल्या रस्त्यावर ०.५ आणि दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास धरता येईल.

समजा, रस्त्यावर बर्फ आहे. ज्या मोटारीची फक्त पुढची चाके ओढतात, तिच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग त्या चाकांवर असतो. म्हणून तिला तेवढेच घर्षण वापरता येते. तिचा त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे १.२ मीटरपलीकडे जात नाही आणि ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठायला तिला सुमारे १४ सेकंद लागतात. चारही चाके ओढणारी मोटार सगळे वजन कामाला लावते. तिला साडेआठ सेकंद पुरतात. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

पण आता ब्रेक दाबा. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात! थांबण्याच्या बाबतीत साधी मोटार आणि ही महागडी मोटार एकाच पायरीवर उभ्या आहेत. थांबण्याचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे लागते. वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर कोरड्या रस्त्यावर हे अंतर सुमारे १८ मीटर, ओल्या रस्त्यावर २८ मीटर आणि बर्फावर ७१ मीटर येते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जाणाऱ्या एका सेकंदातले १७ मीटर आणखी वेगळेच. या सूत्रात अश्वशक्ती कोठे आहे? टर्बो कोठे आहे? ओढणाऱ्या चाकांची संख्या कोठे आहे? कोठेच नाही. वळणाचेही तसेच. ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण ओल्या रस्त्यावर ताशी ५६ किलोमीटरने जेमतेम घेता येते, बर्फावर ३५ ने. चारही चाके ओढतात म्हणून ही मर्यादा वाढत नाही.

येथेच खरा धोका दडलेला आहे. साध्या मोटारीची चाके निसरड्या रस्त्यावर निघतानाच जागच्या जागी फिरू लागतात. जणू रस्ताच चालकाला बजावतो की, ‘सांभाळ, आज पकड कमी आहे.’ चारही चाके ओढणारी मोटार मात्र गुपचूप वेग घेते. चालकाला वाटते, रस्ता चांगला आहे. रस्त्याने दिलेली सूचना यंत्राने गिळून टाकलेली असते आणि तिचा पत्ता लागतो तो थेट पहिल्या वळणावर किंवा पहिल्या ब्रेकला. तोवर वेग दुप्पट झाला असेल, तर थांबण्याचे अंतर चौपट झालेले असते.

‘पण रॅलीतले चालक अशाच मोटारींनी बर्फावरून जातात ना?’ असे कोणी विचारील. जातात, परंतु त्यांच्या चाकांना त्या रस्त्यासाठी बनविलेले, खिळे बसविलेले टायर असतात, शेजारी बसलेला सोबती पुढचे वळण आधीच वाचून सांगत असतो आणि समोरून गाडी येणार नाही याची व्यवस्था केलेली असते. तरीही १९८६ साली अपघातांत चालकांचे व प्रेक्षकांचे प्राण गेल्यावर त्या काळच्या ‘ब’ गटातील अतिशक्तिमान मोटारींना रॅलीतून हद्दपार करावे लागले. आपल्या रस्त्यावर तर शाळेतून परतणारी मुले असतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, घर्षणाचा धडा शिकवताना हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. एका फळीवर रबरी तळव्याची चप्पल ठेवून तिच्यावर एक वीट ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला आणि चप्पल घसरू लागते तो कोन मोजा. त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजेच घर्षणांक. ०.८ साठी हा कोन सुमारे ३९ अंश येतो, ०.२ साठी केवळ ११ अंश. फळी ओली करून, मग तिच्यावर साबणाचे पाणी टाकून पुन्हा मोजा. नंतर दुसरी वीट ठेवा. कोनात फारसा फरक पडणार नाही. ‘जड गाडी रस्त्याला धरून चालते’ हा समज किती पोकळ आहे, ते विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.

अशी मोटार बाळगणाऱ्याने काय करावे, हेही यातूनच ठरते. पहिला खर्च टायरांवर करावा, कारण घर्षणांक वाढविण्याचा तोच एक मार्ग त्याच्या हातात आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. एकच नवा टायर घातला, तर त्याचा परीघ वेगळा पडतो आणि पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. टर्बोच्या दांड्याला तेलाचाच आधार असतो, म्हणून तेल वेळेवर बदलावे. आणि निसरड्या वाटेवर, मागून कोणी येत नाही असे पाहून, कमी वेगात हलकेच ब्रेक दाबून रस्त्याची पकड अजमावावी. जी सूचना यंत्राने लपविली, ती अशी मागून घ्यावी.

हा विषय जुना झाला, असे समजू नका. आज आपल्याकडील अनेक लहान पेट्रोल मोटारींतही टर्बो आहे, आणि विजेच्या काही मोटारींत पुढे एक व मागे एक मोटर बसवून चारही चाके फिरविली जातात. टर्बोला फिरू लागायला थोडा वेळ लागतो; विजेची मोटर तेवढाही वेळ घेत नाही. चाके अडकू न देणारे ब्रेक गाडी ताब्यात ठेवायला मदत करतात, पण रस्ता देत नाही ते घर्षण तेही निर्माण करू शकत नाहीत.

तेव्हा मित्रहो, भिंतीवरचे चित्र काढून टाकू नका. फक्त त्याच्याखाली, वेग गाठण्याच्या सेकंदांशेजारी, थांबण्याचे मीटरही लिहून ठेवा. ते गणित तुम्हाला आजही करता येते. त्यासाठी वाहन चालविण्याचा परवाना लागत नाही.