रुग्णालयातील संगणकांचे विलगीकरण

दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणक २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ठप्प झाले आणि नोंदणी, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, बिले अशी सारी कामे हाताने करावी लागली. हे सुमारे दोन आठवडे चालले. दोनशे कोटींच्या खंडणीच्या बातम्या आल्या. एम्सने अशी मागणी कळवलेली नाही, असे दिल्ली पोलिसांनी सांगितले. तरी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहिली. खरा मुद्दा सरकारने नंतर संसदेत दिलेल्या माहितीत होता. पाच सर्व्हर बाधित झाले होते, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती आणि हल्लेखोरांना वाव मिळाला तो संगणकांच्या जाळ्याचे नीट विभाजन नसल्यामुळे.

क्षयाचा रुग्ण प्रसूती कक्षात ठेवत नाहीत, एवढीच ही साधी गोष्ट आहे. बिलांच्या खिडकीवरील संगणकात काही शिरले, तरी तिथून थेट प्रयोगशाळेच्या सर्व्हरपर्यंत वाट असता कामा नये. सीटी स्कॅन, एमआरआयसारख्या यंत्रांना जोडलेले संगणक बरेचदा जुन्या प्रणालीवर चालतात आणि उत्पादकाच्या संमतीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. त्यांच्यासाठी तर वेगळे ठेवणे हाच मुख्य उपाय. एम्सची माहितीही परत मिळाली ती संसर्गातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

अशा हल्ल्यात माहिती चोरीला जाते हे वाईटच. पण रुग्णाच्या दृष्टीने काम थांबणे अधिक घातक. जून २०२४ मध्ये लंडनमधील काही मोठ्या रुग्णालयांच्या चाचण्या करणारी सिनोव्हिस ही संस्था हल्ल्यात सापडली. रक्तगट जुळवण्याचे काम नेहमीच्या वेगाने होईना. मग सर्वांना चालेल असे ‘ओ’ गटाचे रक्त अधिक वापरावे लागले आणि त्या गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करण्याची वेळ आली. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या त्या वेगळ्याच.

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर १४ मे २०२१ रोजी हल्ला झाला. सरकारने खंडणी दिली नाही. पुढे हल्लेखोरांनीच कुलूप उघडण्याची किल्ली दिली, तरी सर्व यंत्रणा पूर्ववत व्हायला चार महिने लागले. त्या आरोग्यसेवेने स्वतंत्र चौकशी करवून घेतली आणि डिसेंबरमध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला. त्यात स्वतःची लाज राखलेली नाही. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली. तेव्हापासून आठ आठवडे हल्लेखोर आत वावरत होते. व्हायरसविरोधी प्रणालीने इशारे दिले, पण त्यांवर वेळेत पुरेशी कारवाई झाली नाही. जगातल्या कोणत्याही रुग्णालयाच्या संगणक विभागाला हा अहवाल समोर ठेवून आपले जाळे तपासता येते.

आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे बंधनकारक आहे. ही खबर दिल्लीला जाते. एम्समध्ये विभाजन नेमके कुठे कच्चे होते आणि नंतर काय बदलले, हे मात्र जिल्हा रुग्णालयात सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला वाचायला मिळत नाही.